झिप करताना लेव्हल १ की ९?

देवगडातल्या एका आंबा बागायतदाराचा हिशेब हंगामात रोज रात्री झिप होऊन मुंबईला जातो. कोड माझा. लेव्हल म्हणजे फाइल किती जोर लावून आवळायची तो आकडा. जितकं आवळू तितकं बरं, म्हणून सुरुवातीलाच ९ लावली. फाइल तसूभर लहान झाली नाही! पायथन भाषेतल्या झिपफाइल या मॉड्यूलची मूळ पद्धत 'झिप_स्टोअर्ड', म्हणजे नुसतं भरून ठेवणं; तिथे लेव्हलला विचारतो कोण? आधी 'झिप_डिफ्लेटेड', म्हणजे खरोखर आवळणारी पद्धत, द्यावं लागतं, मग 'कॉम्प्रेसलेव्हल', म्हणजे लेव्हलची सेटिंग, लागू पडते. तीही पायथन ३.७पासूनच.

आता १ आणि ९. आवळण्याचं प्रत्यक्ष काम करणारी लायब्ररी म्हणजे झीलिब. ते आधी येऊन गेलेला मजकूर मागे ३२ केबीपर्यंत शोधतं. लेव्हल १ जेमतेम ४ जागा बघून पुढे सरकते, ९ मात्र ४,०९६ जागांपर्यंत चाचपत बसते. वेळ जातो तो इथे. उघडणाऱ्याला दोन्ही जवळपास सारख्याच.

हिशेबाच्या सीएसव्हीत, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्यात, तीच गावं, तेच 'हापूस, ५ डझन' ओळीओळीला. तिथे ९ने आणखी थोडी जागा वाचते, आणि मेअखेरीस वळवाच्या पावसात रेंज गेली की तेवढंही कामी येतं. पण डागी आंब्यांचे फोटो? जेपेग आधीच आवळलेले. त्यांना ९ लावणं म्हणजे रस काढलेला नारळाचा चोथा पुन्हा पिळणं. फोटो मी आता स्टोअर्डच ठेवतो. प्रत्येक फाइलला वेगळी पद्धत देता येते, हे बरंय.

बाकी रोजच्या हिशेबाला लेव्हल लिहीतच नाही. झीलिब आपसूक ६ धरतं. ९ फक्त हंगामाअखेरच्या दप्तराला.