एसीसी, न्यूझीलंड: डॉक्टरवर केस न करता मिळालेली भरपाई (★★★★)

ऑकलंडला दुर्बिणीतून माझं पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा झाली. पुन्हा पोट उघडावं लागलं आणि बालवाडीतल्या माझ्या नोकरीवर परत जाणं लांबणीवर पडलं. पुण्याहून दिरांचा फोन आला, "वहिनी, सरळ केस ठोका." ते वकील आहेत, दुसरं काय सांगणार!

पण इथे भरपाईसाठी डॉक्टरला कोर्टात खेचता येत नाही. १ एप्रिल १९७४ पासून तो हक्क गेला आणि त्याच्या जागी एसीसी हे सरकारी भरपाई महामंडळ आलं. दावा मी केलाच नाही, फॉर्म सर्जनने भरला. त्याने खाटेशेजारी बसून कागदावर नळीचं चित्र काढलं आणि कुठे काय झालं ते सरळ सांगितलं. भारतात कुठला डॉक्टर वकिलाला न विचारता असं बोलेल?

चूक कुणाची हे एसीसीला ठरवावं लागत नाही. २००५ पर्यंत डॉक्टरची चूक किंवा दुर्मीळ आणि गंभीर गुंतागुंत दाखवावी लागायची. आता इजा उपचारामुळे झाली का आणि ती त्या उपचारात नेहमी होणारी गोष्ट तर नव्हे ना, एवढंच बघतात. म्हणजे टाक्यांचा व्रण धरत नाहीत, कापलेली नळी धरतात. दावा मंजूर झाला की पगाराच्या ८० टक्के रक्कम दर आठवड्याला येते. पहिला आठवडा मात्र आपला आपण काढायचा. घरकामाला मदतनीसही मिळाली. हे फुकट नाही हं. प्रत्येक पगारातून आणि पेट्रोलच्या दरातून त्याची वर्गणी कापली जाते.

दिरांना मी कोलकात्यात चुकीच्या उपचारांमुळे दगावलेल्या अनुराधा साहांच्या खटल्याची आठवण करून दिली. मृत्यू १९९८चा आणि सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची रक्कम ठरवली २०१३ मध्ये. आकडा जवळपास सहा कोटींचा, पण लढणारे पती स्वतः डॉक्टर. माझ्यासारखीने पंधरा वर्षं कुठून काढायची?

एक तारा का कापला? सोसलेल्या दुखण्याचे वेगळे पैसे नाहीत. एकरकमी रक्कम हवी तर किमान १० टक्के कायमचं अपंगत्व लागतं. गुंतागुंतीच्या दाव्यांचा निर्णय महिनोन्‌महिने लांबू शकतो. आणि सगळ्यात खटकतं ते हे, की शस्त्रक्रियेतल्या इजेने हात-पाय गेले तर ८० टक्के पगार, पण अर्धांगवायूने तेच हात-पाय गेले तर तो आजार, म्हणून एसीसीकडून काही नाही. मग सरकारी भत्ता, तोही घरातली मिळकत बघून. घर दोघांनाही तेवढंच चालवायचं असतं!

डॉक्टरला जाब विचारायचा असेल तर दार वेगळं आहे: आरोग्य आणि अपंगत्व आयुक्त. तिथे पैसे मिळत नाहीत. चौकशी होते, माफी मागायला सांगतात, प्रकरण गंभीर असेल तर शिस्तभंगाच्या कारवाईपर्यंत जातं. मी तिथे गेले नाही, ते चित्र मला पुरलं.

आईवडिलांना इकडे बोलावणाऱ्यांसाठी: पर्यटक व्हिसावर आलेली आई बाथरूममध्ये घसरली तर इथल्या उपचाराचा खर्च एसीसी उचलते. छातीत दुखलं तर नाही. प्रवास विमा काढूनच विमानात बसवा.