चेन्नईला गेलात तर अण्णा लायब्ररी बघाच

मिस्टरांचं ऑफिसचं काम होतं म्हणून मी पण सोबत चेन्नईला गेले होते, दिवसभर हॉटेलवर बसून काय करायचं म्हणून रिक्षा करून निघाले तर कोट्टूरपुरमला एक प्रचंड काचेची बिल्डिंग दिसली. मला वाटलं आपल्या हिंजवडीत असतात तशी एखादी आयटी कंपनी असेल. रिक्षावाला म्हणाला लायब्ररी आहे, आणि गव्हर्नमेंटची आहे! मी तिथेच उतरले.

अण्णा सेंटिनरी लायब्ररी. तामिळनाडूचे माजी मुख्यमंत्री अण्णादुराई यांच्या जन्मशताब्दीनिमित्त बांधलेली, १५ सप्टेंबर २०१० ला सुरू झाली. नऊ मजले, १२ लाख पुस्तकं मावतील एवढी जागा. आत शिरल्यावर मान वर करून बघतच राहिले, मधला भाग वरपर्यंत मोकळा, काचेतून उजेड आत येतो, बाहेर घामाच्या धारा आणि आत गारवा. तळमजल्यावरच ब्रेलचा वेगळा सेक्शन आहे, हे मला फार आवडलं, नाहीतर अशा गोष्टी कुठेतरी कोपऱ्यात ढकललेल्या असतात. लहान मुलांच्या सेक्शनमध्ये मधोमध मोठं नकली झाड उभं केलंय, त्याच्याखाली एक चिमुरडी पोटावर पालथी पडून चित्रांचं पुस्तक बघत होती, चप्पल एकीकडे, पाय हवेत, आणि कोणी तिला "नीट बस" म्हणत नव्हतं.

पण मला खरंच भरून आलं ते खाली आपली स्वतःची पुस्तकं आणून वाचायचा सेक्शन आहे ना, तिथे. एक मुलगा बसला होता, पुढ्यात झेरॉक्सचा गठ्ठा, ओळी पिवळ्या-गुलाबी हायलायटरने रंगवलेल्या, पायाशी बॅग, बॅगेतून स्टीलचा डबा डोकावतोय. अगदी माझा भाचा! तो सदाशिव पेठेत एमपीएससी करतो, कॉटबेसिसवर राहतो, आणि नुसत्या बसायच्या जागेचे अभ्यासिकेत दर महिन्याला वेगळे पैसे भरतो, त्यात उन्हाळ्यात लाईट गेली की विचारू नका. आणि इथे सरकार म्हणतंय ये, तुझी पुस्तकं आण, बस. आपल्याकडे पुण्यात नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, वाचनाची एवढी जुनी परंपरा, पेठांमध्ये हजारोंनी मुलं अभ्यासाला येतात, मग आपल्याला असं एक का बांधता येऊ नये? मी मनापासून विचारतेय.

ही लायब्ररी पण सहज टिकलेली नाही बरं का. २०११ ला सरकार बदललं आणि इथे मुलांचं हॉस्पिटल करायचं ठरलं होतं. लोक कोर्टात गेले, हायकोर्टाने स्थगिती दिली, म्हणून आज आहे.

जायचं तर अर्धा दिवस हातात ठेवून जा, तासाभरात काही होत नाही, मला वरचे मजले धड बघताच आले नाहीत. अण्णा युनिव्हर्सिटीच्या जवळच आहे, रिक्षावाल्याला नुसतं नाव सांगितलं तरी कळतं. माझ्याकडून पाच स्टार.

बाहेर आल्यावर भाच्याला व्हॉट्सॲपवर बिल्डिंगचा फोटो पाठवला, खाली लिहिलं की आत आपली पुस्तकं घेऊन बसता येतं. त्याचा लगेच रिप्लाय आला, "मावशी, जागा धरायला किती वाजता जावं लागतं?"