किलपेक: गोंदेश्वर पाहिलेल्यांनी आवर्जून थांबावं असं चर्च

सिन्नरच्या गोंदेश्वरावरची शिल्पं थरांनी वाचायची सवय असलेल्या नाशिककरांना इंग्लंडमधलं किलपेक परकं वाटणार नाही. हेरफर्डपासून साधारण 13 किलोमीटरवर, अ‍ॅबर्गव्हेनीच्या रस्त्याला लागून आत गेलं की हे चिमुकलं खेडं येतं. सेंट मेरी आणि सेंट डेव्हिडचं चर्च 1140 च्या सुमाराचं, म्हणजे यादवकाळाला समांतर. फरक दगडाचा. आपला काळा बेसाल्ट, तिथला तांबूस वालुकाश्म.

आधी आत जाऊ नका. बाहेरूनच, चर्च उजव्या हाताला ठेवून, सावकाश एक प्रदक्षिणा घाला. वळचणीखाली भिंतीतून पुढे आलेले कोरीव दगड आहेत, त्यांना कॉर्बेल म्हणतात. मूळच्या 91 पैकी 85 टिकले आहेत. शेजारी शेजारी बसलेले कुत्रा आणि ससा, चित्रविचित्र जनावरं, माणसांची तोंडं. ‘शीला-ना-गिग’, म्हणजे योनी उघडी दाखवणारी नग्न स्त्रीमूर्ती, शोधावी लागते. तिला पाहून लज्जागौरी आठवणारच, पण दोघींची गल्लत करू नये: लज्जागौरीला बहुधा मस्तकाजागी कमळ असतं, हिचं तर डोकंच मोठं. वासनेविरुद्धचा इशारा की सुफलतेची खूण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

दक्षिण दरवाजा हा खरा ऐवज. वर वेलीसारखा जीवनवृक्ष, कमानीत पक्षी-प्राण्यांची डोकी, खांबावर वेलींत गुंतलेले योद्धे. पश्चिम भिंतीवरची जबडा वासलेली डोकी मगरींसारखी दिसतात, ती चुकवू नका.

फसगत होते ती दोन बाबतींत. एक, उन्हाळ्यात भर दुपारी छपराची सावली नेमकी कॉर्बेलवर पडते आणि फोटो काळे येतात. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तम. उत्तरेची बाजू तशीही सावलीतच राहते. दुसरं, मोबाइलच्या झूमवर भिस्त नको, छोटी दुर्बीण न्या. प्रदक्षिणेला पाऊण तास धरा.

आतलं काम पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं. खिडक्या लहान, उजेड बेताचा. तरी गाभाऱ्याआधीच्या कमानीच्या खांबांवरचे संत पाहाच. तिकीट नाही, दानपेटी आहे. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबावं, वेळा फलकावर असतात.

बसवर विसंबून जाऊ नये. हेरफर्ड स्टेशनवरून टॅक्सी करा आणि परतीची वेळ तेव्हाच ठरवून घ्या. उरलेल्या दिवसात हेरफर्ड कॅथेड्रलमधला 1300 च्या सुमाराचा जगाचा नकाशा, मापा मुंडी, आणि साखळदंडाने बांधलेल्या पुस्तकांचं ग्रंथालय पाहून होतं. त्याला मात्र तिकीट लागतं.

चर्चमागच्या टेकाडावर किल्ल्याच्या भिंतींचे तुकडे उरलेत. पावसानंतर गवत निसरडं होतं. चपला घालून चढू नका.