अकरावीतच महाविद्यालयाचा वर्ग : फोंडा तालुक्यातील एका नव्या हायर सेकंडरीचा पहिल्या वर्षाचा अनुभव

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना शेजारच्या महाविद्यालयात पदवीच्या पहिल्या वर्षाचे दोन विषय शिकू देणाऱ्या या हायर सेकंडरीत माझ्या मुलीचे एक वर्ष पूर्ण झाले. प्रवेशाच्या विचारात असलेल्या पालकांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

शिकवण्याबाबत मी मनापासून समाधानी आहे. गोव्यातील कितीतरी मुलांप्रमाणे माझी मुलगी चौथीपर्यंत मराठी माध्यमात आणि पाचवीपासून इंग्रजीत शिकली, त्यामुळे पदवीच्या वर्गातील व्याख्यान तिला झेपेल का, ही धास्ती होती. मात्र प्रत्येक व्याख्यानानंतर शाळेच्या शिक्षिका मुलांना घेऊन तासभर बसतात, अडलेले मराठी-कोंकणीतून सोडवून देतात आणि मगच उत्तर इंग्रजीत लिहायला लावतात. ऑगस्टमध्ये तिच्या रसायनशास्त्राच्या जर्नलवर प्राध्यापकांनी लाल शाईने लिहिले होते, ‘निरीक्षण आहे, कारण कुठे?’ जानेवारीपर्यंत तीच मुलगी निरीक्षणाखाली कारणाचा परिच्छेद आपणहून लिहू लागली. माझ्या मते या शाळेची खरी कमाई हा एक तास आहे, आणि संख्या वाढली तरी तो कमी होऊ नये.

तक्रार श्रेयांकांची, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासासाठी खात्यावर जमा होणाऱ्या क्रेडिट्सची आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखडा २०२३ मध्ये आला आणि शालेय शिक्षणही श्रेयांकांत मोजण्याची वाट मोकळी झाली. पण या दोन विषयांचे श्रेयांक पुढे पदवीला धरले जातील का, असे पालकसभेत दोनदा विचारूनही ‘होईल’ एवढेच तोंडी उत्तर मिळाले. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात १९७४ साली याच धर्तीची शाळा सुरू झाली. पुढे अमेरिकेत अशा काही शाळा चार्टर (सनदी) पद्धतीनेही निघाल्या, म्हणजे पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र, आणि शाळेने काय करून दाखवायचे ते सनदीत लिहिलेले. ते न दाखवल्यास सनद जाऊ शकते. आपल्या अनुदानित शाळांतही पैसा सरकारचा आणि कारभार संस्थेचा असतो, तेव्हा निदान श्रेयांकांचे आश्वासन तरी कागदावर द्यायला हरकत नसावी.

संध्याकाळी सुटायला उशीर होतो. दूरच्या गावातील पालकांनी शेवटच्या बसची वेळ आधी पाहून घ्यावी.

धाकट्या मुलाचा प्रवेश दोन वर्षांनी आहे. श्रेयांकांचे पत्र तोवर हाती आले, तर त्यालाही इथेच घालणार आहे.