सात महिने कार्टचा पेन ओढला, त्याचा अनुभव

गेल्या वर्षीच्या चवथीनंतर आठवड्याभरात मी गांजाच्या तेलाचा व्हेप पेन पहिल्यांदा हातात घेतला आणि यंदा एप्रिलच्या शेवटी तो सुटला. या सात महिन्यांत दोन पेन झाले आणि एक-एक मिलीची अकरा कार्टं, म्हणजे पेनवर बसवायच्या तेल भरलेल्या नळ्या, संपली. ती कुठून आली, कोणी दिली, हे मी लिहिणार नाही, कृपया विचारू नका. म्हापशात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरवर खिसे रिकामे करताना फोनसोबत असा पेन बाहेर काढणारी पोरं मी रोज बघतो. ती आपल्याच गावांतली, आपल्याच घरांतली आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय.

मी पेनकडे का वळलो ते आधी सांगतो, कारण बहुतेकांचं कारण हेच असतं. गावच्या जत्रेला होणाऱ्या संगीत नाटकात मी पंधरा वर्षं गातो. अधूनमधून मित्रांत बसल्यावर कागदात गुंडाळून ओढायचो. दुसऱ्या दिवशी गळा धरायचा, आईला शर्टाचा वास लागायचा. मित्र म्हणाला, "ही वाफ आहे रे, धूर नाही. गळ्याला काही होत नाही." मला नेमकं तेच ऐकायचं होतं. धूर नाही म्हणजे त्रास नाही, एवढा सरळ हिशेब करून मी तो खिशात टाकला.

पहिला महिना खरोखर बरा गेला. खोकला नाही, वास नाही, रात्री झोप लागायची. पण गुंडाळलेली ओढताना ती संपली की आपणही थांबतो. पेन संपतच नाही. दुकानाच्या मागच्या दारात एक झुरका, जेवणानंतर एक, तालमीला निघताना गाडीवर बसायच्या आधी एक. साध्या गांजाच्या फुलात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, १०-२० टक्क्यांच्या आसपास असतं, कार्टच्या तेलात ते ७०-९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे झुरका छोटा वाटला तरी आत जाणारा माल छोटा नसतो. पहिलं कार्ट मला साडेतीन आठवडे पुरलं, शेवटची दोन सहा-सहा दिवसांत संपली. दिवसातून किती वेळा ओढतो असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला आकडा सांगता आला नाही, कारण मी तो कधी मोजलाच नव्हता.

आता यंत्राबद्दल, कारण ते माझ्या रोजच्या कामातलं आहे. पेनच्या खालच्या भागात एक छोटा लिथियम सेल असतो आणि वर कार्ट आट्यांवर बसतं. बहुतेक पेनांची आटी एकाच मापाची असते, तिला फाइव्ह-टेन म्हणतात, म्हणून कोणाचंही कार्ट कोणाच्याही पेनवर चढतं. कार्टमध्ये सिरॅमिकच्या नळीत गुंडाळलेली तार असते, तीच कॉइल. बटण दाबलं की ती तापते आणि तेलाची वाफ होते. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी माझा पेन मल्टिमीटरला लावला. पाकिटावर हिरव्या दिव्याला २.७ व्होल्ट लिहिलं होतं, मीटर ३.५ दाखवत होतं. माझी कॉइल १.४ ओहमची होती. २.७ व्होल्टला तिच्यात साधारण ५ वॅट जातात, ३.५ ला पावणेनऊ. सगळ्यात मंद आच समजून मी महिनोन् महिने दीडपटीहून जास्त आचेवर तेल करपवत होतो. घसा जळजळायचा तो त्याने. तेल जास्त तापलं की त्यातून फॉर्मल्डिहाइडसारखी घातक रसायनं निघतात, पण बाहेरून बघणाऱ्याला हिरवा दिवाच दिसतो.

मग पेन उघडला. सेलला संरक्षण देणारं सर्किट नावालासुद्धा नव्हतं. फोनच्या बॅटरीत जास्त चार्जिंग आणि शॉर्ट यांपासून वाचवणारी छोटी पट्टी असते, इथे दोन वायरी थेट टाकलेल्या. असला सेल मी गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये कधी बसवला नसता, आणि तोच मी छातीच्या खिशात घेऊन फिरत होतो. रिकामं झालेलं एक कार्टही कापून बघितलं. कॉइलची तार जिथे जोडली होती तिथलं सोल्डर तेलाला अगदी लागून होतं. सोल्डरमध्ये शिसं असू शकतं हे आमच्या धंद्यात पोरगंही जाणतं, म्हणून आम्ही काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहा घेत नाही. कार्टमधल्या तेलात शिसं, निकेल, क्रोमियम उतरतं हे परदेशातल्या प्रयोगशाळांत दिसलेलं आहे. जिथे विक्री कायदेशीर आहे अशा कॅलिफोर्नियात ओढायच्या मालात शिशाची मर्यादा एका ग्रॅमला ०.५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे आणि प्रत्येक लॉट तपासावा लागतो. आपल्या हातात येणारं कार्ट कोणीच तपासलेलं नसतं.

मार्चमध्ये शुक्रवारच्या बाजारात गेलो असताना पेन स्कूटरच्या डिकीत राहिला. दोन तासांनी काढला तर तेल पाण्यासारखं पातळ होऊन सगळीकडे आलेलं. ओठाला लावल्याबरोबर ते कडवट तेल थेट जिभेवर आलं. खाली सेलच्या टोकावरही उतरलं होतं आणि बटण न दाबता पेन आपोआप तापत होता. तेव्हाच तो टाकायला हवा होता. मी पुसून परत वापरला.

आता मुख्य गोष्ट, तेल. ते चांगलं की भेसळीचं हे ओळखायची एक रीत पोरं एकमेकांना शिकवतात. कार्ट उलटं करायचं आणि आतला हवेचा बुडबुडा बघायचा. बुडबुडा सावकाश वर सरकला तर तेल घट्ट, म्हणजे अस्सल. मलाही हेच शिकवलं होतं आणि अकराच्या अकरा कार्टं मी असं उलटं करून पास केली. ही परीक्षा पूर्ण खोटी आहे. भेसळ करणाऱ्यांना ती ठाऊक होती, म्हणूनच त्यांनी तेल वाढवायला घट्ट पदार्थ शोधला: व्हिटॅमिन ई ॲसिटेट. रंग तसाच, घट्टपणा तसाच, वास नाही. तो क्रीममध्ये असतो, गोळ्यांत असतो, कातडीला किंवा पोटाला त्याचा त्रास सहसा होत नाही. फुप्फुसात मात्र तो घात करतो. फुप्फुसातल्या बारीक फुग्यांना आतून एक पातळ थर असतो, त्याच्यामुळे ते श्वास सोडल्यावर मिटून चिकटत नाहीत. हा पदार्थ तो थर बिघडवतो असं मानलं जातं.

अमेरिकेत २०१९ च्या उन्हाळ्यात धडधाकट तरुण पोरं धाप लागून दवाखान्यांत येऊ लागली. या आजाराला इव्हाली असं नाव पडलं. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०७ जणांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. बहुतेकांनी टीएचसीची कार्टं ओढलेली होती, तीही बरीचशी मित्रांकडून किंवा परवाना नसलेल्या विक्रेत्यांकडून घेतलेली. ५१ रुग्णांच्या फुप्फुसातला द्रव तपासला तेव्हा ४८ जणांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडलं. त्या वेळी सगळ्यात जास्त ज्याचं नाव आलं तो डँक व्हेप्स हा ब्रँड म्हणजे कंपनी नव्हतीच. रिकामी छापील पाकिटं कोणीही विकत घ्यायचं आणि घरी भरायचं. माझ्याकडच्या पाकिटांवरही सुंदर छपाई होती, क्यूआर कोड होता, तो स्कॅन केला की चाचणीचा कागद उघडायचा. आमच्या बाजारात तासाभरात असं स्टिकर छापून मिळतं. हे मला माहीत असून मी त्या कागदावर विश्वास ठेवला.

औषधफवारणीचा विचार तर माझ्या डोक्यातच नव्हता. मावशी नाशिककडे दिलेली आहे, काका द्राक्षं करतात. भुरी या बुरशीच्या रोगावर फवारायचं मायक्लोब्युटॅनिल त्यांच्या तोंडी असतं. गांजाच्या झाडावरही भुरी येते आणि चोरून पीक घेणारे तेच मारतात. झाडाचं तेल काढलं की औषधही त्यासोबत घट्ट होऊन उतरतं, आणि तापवलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. काका फोनवर म्हणाले, "अरे, फवारणी झाल्यावर ठराविक दिवस आम्ही मणी तोंडात टाकत नाही, आणि तू ते जाळून छातीत घेत होतास?"

एप्रिलमध्ये वैशाखातल्या जत्रेच्या तालमी चालू होत्या. दहाव्या कार्टपासून घसा वेगळाच खवखवत होता. एका पदात जी तान मी पंधरा वर्षं एका श्वासात घेत आलो ती मध्येच तुटली. पेटीवाल्या दादांनी वर बघितलं, काही बोलले नाहीत, पट्टी उतरवली. मी उन्हावर ढकललं. मग ताप, उलट्या, जुलाब. जवळच्या डॉक्टरांनी पोटाचं समजून औषध दिलं. त्यांचा दोष नाही, पेनबद्दल मी त्यांना चकार शब्द सांगितला नव्हता. इव्हालीत पोट आधी बिघडू शकतं हे तेव्हा मला कुठे माहीत!

पाचव्या दिवशी जिना चढताना मी मधल्या पायरीवर बसलो. वहिनी नर्स आहेत. त्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, ८८ आलं. दादा गाडी काढायला गेला तेवढ्यात त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भावोजी, आईंना मी काही सांगत नाही. पण तुम्ही काय ओढता ते डॉक्टरांना खरं सांगा. नाहीतर ते न्यूमोनियाच शोधत बसतील." बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. एक्स-रेत दोन्ही बाजू धुरकट. पहिल्यांदा विचारल्यावर मी "सिगरेट, कधीतरी" म्हणालो. वहिनींनी फक्त माझ्याकडे बघितलं. दुसऱ्यांदा मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही, लगेच पुढच्या तपासण्या लिहिल्या. जंतुसंसर्ग वगैरे कारणं एकेक करून बाजूला काढली, ऑक्सिजन लावला, स्टिरॉइड सुरू केलं. आठ दिवस तिथे होतो. माझ्या कार्टमध्ये नेमकं काय होतं हे कळलं नाही आणि आता कळणारही नाही, शेवटचं कार्ट दादाने त्याच रात्री फेकून दिलं होतं. इव्हालीचं निदान असंच होतं, इतर सगळं नाही म्हटल्यावर तोच उरतो.

कायद्याचंही सांगतो, कारण पोरांना वाटतं की तेल म्हणजे गांजापेक्षा सौम्य गुन्हा. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात हशीश ऑइल, म्हणजे गांजाच्या झाडाचं घट्ट तेल, हे चरसच्या व्याख्येत धरलं आहे. आणि २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्याखाली असं यंत्र बनवणं, आणणं, विकणं, साठवणं हा गुन्हा आहे, आत निकोटिन असो वा नसो. याच भीतीने मी डॉक्टरांशी खोटं बोललो आणि पाच दिवस वाया घालवले. मला कोणी पोलिसांकडे नेलं नाही, उपचार केले.

सोडताना पहिले दहा-बारा दिवस जड गेले. झोप नाही, घाम, अन्नावर वासना नाही, किरकोळ गोष्टीवरून आईवर ओरडलो. एकदा रात्री दोन वाजता नशामुक्तीच्या १४४४६ या क्रमांकावर फोन केला, फुकट असतो. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझी रात्र निघाली. तिसऱ्या आठवड्यात भूक परत आली.

जत्रेचं नाटक माझ्याशिवाय झालं. यंदाच्या चवथीला आरत्यांना उभा राहिलो. वरच्या पट्टीत अजून दोनदा श्वास घ्यावा लागतो. नंतरच्या एक्स-रेत फुप्फुसं बरीच मोकळी दिसली, पण धावपळ झाली की छातीत डावीकडे आवळतं.

गेल्या मंगळवारी कॉलेजातला एक मुलगा दुकानात आला, पेनचं चार्जिंग होत नाही म्हणून. मी पेन हातात घेतला नाही. रात्री खोकला येतो का, एवढंच विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "झोपल्यावर येतो. तुम्हाला कसं कळलं?" मी शटर अर्धं खाली ओढलं, त्याला स्टुलावर बसवलं आणि दुकानातला ऑक्सिमीटर त्याच्या बोटाला लावला. ९३. वहिनींना फोन लावून त्याच्या हातात दिला.