ओला कचरा घरीच जिरवायचाय: भोकांची बादली, गांडूळ की बोकाशी?

फ्लॅटमधले बरेच जण विचारतात की ओला कचरा घरीच जिरवायचा तर घ्यायचं काय. माझं मत आधीच सांगते, डबा नंतर बघा, आधी आपल्या घरातून काय बाहेर पडतं ते बघा. नुसती देठं, सालं नि चहाचा चोथा, की उरलेली आमटी-भात, माशाचे काटे पण, यावरच सगळं ठरतं.

भोकांची बादली सगळ्यात स्वस्त. जुनी पेंटची बादली चालते, बाजूला नि तळाला भोकं पाडायची, खाली नारळाच्या शेंड्या, मग कचऱ्याचा थर, त्यावर सुका पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), विरजण म्हणून आंबट ताक किंवा मूठभर तयार खत आणि दोन-तीन दिवसांनी ढवळायचं, बास. साधारण दीड-दोन महिन्यांत काळं भुरभुरीत खत होतं. लोक वैतागून सोडतात ते बहुतेक वेळा पाला कमी घातल्यामुळे. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त आणि पाल्यात कार्बन, आणि जिवाणूंना नायट्रोजनच्या २५-३० पट कार्बन लागतो, शिवाय पाल्यामुळे आत हवा खेळते, तो कमी पडला की सगळ्याचा चिखल होतो आणि घाण वास सुटतो. म्हणून जेवढा कचरा निदान तेवढा पाला घालाच. अळ्या दिसल्या तर प्लीज बादली फेकू नका, त्या चावत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात, पाला वाढवला की कमी होतात. आणि पाला विकत कशाला आणायचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीत झाडून जो जाळतात तोच पोत्यात भरून ठेवा, वर्षभर पुरतो आणि धूरही वाचतो.

गांडूळखत झाडांना एक नंबर, पण ते जीव आहेत, त्यांना सांभाळावं लागतं. कांदा-लसूण, लिंबाची सालं, तेलकट, खारट, तिखट त्यांना चालत नाही, म्हणजे आपल्याकडचा निम्मा कचरा बाजूला काढावा लागणार. ३५ डिग्रीच्या वर त्यांना झेपत नाही, त्यामुळे नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात उन्हाच्या बाल्कनीत नकोच. अंगण आहे, झाडाची सावली आहे, जवळ शेण मिळतंय तर जरूर करा. पुण्यात महापालिका गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी साठवणं असे प्रकल्प असलेल्यांना सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सूट देते, ती अर्ज करून घ्या.

बोकाशी ही जपानी पद्धत. हवाबंद डबा, तळाला नळ, प्रत्येक थरावर जिवाणू लावलेला कोंडा, दाबून झाकण घट्ट. शिजवलेलं, मासे, मटण सगळं चालतं आणि वास लोणच्यासारखा आंबूस. नळातून येणारं पाणी शंभरपट पाण्यात मिसळून झाडांना घालता येतं. पण एक गोष्ट विकणारे नीट सांगत नाहीत, डबा भरल्यावर दोन आठवड्यांनी जे निघतं ते खत नसतं, तो आंबवलेला कचराच असतो आणि पुढे काही आठवडे मातीत पुरावा लागतो. शिवाय कोंडा सतत विकत आणायचा. तरी कोकणात, गोव्यात जिथे रोज मासे आहेत आणि दारात माती आहे तिथे मी हेच सुचवेन.

बाकी बहुतेक फ्लॅटवाल्यांनी बादली घ्या. शिजवलेलं थोडंच उरत असेल तर पाणी निथळून त्यातच घाला, भरपूर पाल्यासकट.

शाळेत तर बादलीपेक्षा मैदानाच्या कडेला जाळीचा पिंजरा करा, पाला तिथेच पडतो, डब्यात उरलेलं त्यात जाईल आणि ढवळायची पाळी वर्गावर्गात वाटून देता येते, फक्त मे महिन्याच्या सुट्टीत कोण बघणार ते आधी ठरवा. ऑफिसात चोथा नि फळांची सालंच निघतात, पण शनिवार-रविवार कुणी नसतं, म्हणून तिथे न ढवळता चालणारी बोकाशी बरी, मात्र डबा भरला की कुणाच्या घरच्या मातीत जाणार त्या माणसाचं नाव पहिल्याच दिवशी पक्कं करा.