अ‍ॅझाथायोप्रिनचे १६ महिने: गोळी सुरू करावी की नाही, या विचारात असलेल्यांसाठी

मालवण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षिका आहे. वय ३४. क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला सूज आणि जखमा होणाऱ्या आजाराचं, निदान होऊन सव्वादोन वर्षं झाली. त्यातले आठ महिने एका गोळीची चिठ्ठी कपाटात पडून होती, आणि गेले १६ महिने तीच गोळी मी रोज रात्री घेतेय. चिठ्ठी कपाटात होती तेव्हा, ही गोळी घेतलेल्या कुणाचं तरी मराठीत लिहिलेलं वाचायला मिळावं म्हणून मी खूप शोधलं होतं. म्हणून हे लिहितेय.

आधीचं थोडक्यात. जेवल्यावर पोटाच्या उजव्या बाजूला खाली कळ यायची, संध्याकाळी कणकण, वजन ५२ वरून ४३. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय टीबीचा, आणि तो चुकीचा नाही. दोन्ही आजार लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला बसतात, दुर्बिणीतून जखमा सारख्या दिसतात, आणि तुकडा तपासूनही दर वेळी निकाल लागत नाही. मला तीन महिने टीबीची औषधं दिली. दुसऱ्यांदा दुर्बीण घातली तेव्हा जखमा होत्या तशाच होत्या. तेव्हा क्रोन्स ठरला. मग प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रोज ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून तीन महिन्यांत हळूहळू बंद. चेहरा सुजला, झोप उडाली, पण चौथ्या दिवशी कळ थांबली आणि कितीतरी दिवसांनी मी पोटभर भात जेवले.

स्टेरॉइड उतरत आलं तेव्हा डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन लिहून दिलं. स्टेरॉइडने भडका शमतो, पण तो पुन्हा उठू नये यासाठी त्याचा उपयोग नाही, आणि वर्षानुवर्षं ते घेता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. ही गोळी किती दिवस, असं मी विचारलं. म्हणाले, "दिवस नाही, वर्षं. किती, ते आज सांगता येणार नाही."

मी ती सुरू केली नाही. गोळीच्या खोक्यातल्या कागदावर कॅन्सर हा शब्द होता. कणकवलीच्या मेडिकलवाल्याने सहज विचारलं, "किडनी बदललीय का?", कारण किडनी बदललेल्यांनाही हेच औषध देतात. घरी सासूबाई म्हणाल्या, "आता बरा वाटता मा तुका? मगे कित्याक ती गोळी?" त्यांचा जीव माझ्यासाठी तुटत होता. कुड्याची साल उकळून रोज सकाळी त्याच मला काढा द्यायच्या. जुलाब कमीही झाले. मला खरंच बरं वाटत होतं.

त्या आठ महिन्यांकडे आता बघते तेव्हा वेगळ्याच गोष्टी दिसतात. शाळेच्या दिवशी मी मधल्या सुट्टीपर्यंत काही खात नसे. एसटीत दाराजवळची जागा मिळाली नाही तर गाडी सोडून द्यायची. लग्नाला जायचं असलं की आदल्या रात्रीपासून फक्त पेज. वजन ४८ वर अडकलं होतं. या सगळ्याला मी माझी सवय म्हणत होते. आजार म्हणून त्याची मोजदाद मी केलीच नाही, आणि डॉक्टरांनी "कसं आहे?" विचारलं की "बरं आहे" म्हणायचे. खोटं बोलत नव्हते. तेच मला बरं वाटायला लागलं होतं.

आठव्या महिन्यात त्यांनी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करायला लावली. आतड्याला सूज असली की हा आकडा चढतो. साधारण ५० च्या आत हवा, माझा ६८० आला. सीटी एन्टेरोग्राफीत, म्हणजे आतड्याच्या सीटी स्कॅनमध्ये, लहान आतड्याचा शेवटचा भाग जाड आणि अरुंद व्हायला लागलेला दिसला. रिपोर्ट हातात घेऊन मी कणकवलीच्या स्टँडवर बसले होते आणि त्या दिवशी पोटात काहीसुद्धा दुखत नव्हतं.

पुढच्या भेटीला वहीत प्रश्न लिहून नेले.

पहिला कॅन्सरचा. धोका किती पटीने वाढतो, यापेक्षा किती माणसांत किती, हे विचारा, असं माझं सांगणं आहे. फ्रान्समध्ये आतड्याच्या सुजेच्या १९ हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला होता, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात या गोळीच्या गटातली औषधं कधीच न घेतलेल्या दहा हजारांत वर्षाला अडीच-तीन जणांना लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) झाला, ती चालू असलेल्या दहा हजारांत नऊ जणांना. पटीत ऐकलं की तिप्पट, आणि पोटात गोळा येतो. मोजून पाहिलं तेव्हा मला तो धोका पेलता येईल असं वाटलं, कारण दुसऱ्या बाजूला अरुंद होत चाललेलं माझं आतडं होतं आणि ते पुरतं अडलं तर ऑपरेशन. याआधी मी गोळीचा धोका आणि शून्य यांची तुलना करत होते. माझ्या वाट्याला शून्य नव्हताच.

दुसरा प्रश्न दुसऱ्या बाळाचा. ही गोळी दिवस राहिल्यावरही सहसा चालू ठेवतात, मेथोट्रेक्सेट हे याच आजारावरचं दुसरं औषध मात्र अजिबात चालत नाही. हे आधी कळलं असतं तर माझे किमान चार महिने वाचले असते.

तिसरा, गोळीऐवजी क्रोन्सवरचं इंजेक्शन का नको? अ‍ॅडालिमुमॅब दर दोन आठवड्यांनी घ्यायचं असतं आणि ते फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. आमच्या वाडीत जूनमध्ये माड तारेवर पडला की दोन-दोन दिवस लाईट नसते. शिवाय या इंजेक्शनांनी दबलेला टीबी उठू शकतो, त्यामुळे आधी त्याच्या तपासण्या. खर्चही मोठा. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की फिस्टुला (आतड्यातून दुसरीकडे फुटलेली वाट) असता किंवा सूज याहून जास्त असती तर गोळीची वाट न बघता थेट इंजेक्शनच दिलं असतं. तेव्हा माझी निवड दुसऱ्याने जशीच्या तशी उचलू नये.

आता प्रत्यक्ष वापर. सुरू करण्याआधी एनयूडीटी१५ आणि टीपीएमटी या जनुकांची तपासणी झाली. काहींच्या शरीरात या औषधाचा निचरा नीट होत नाही आणि पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात. एनयूडीटी१५ मधला तो फरक आशियातल्या लोकांत जास्त सापडतो, म्हणून आपण ही तपासणी टाळू नये. माझी ठीक आली. ५० मिलिग्रॅमने सुरुवात, मग वाढवत १०० पर्यंत.

पहिले तीन आठवडे मळमळ. सकाळी घेत होते, रात्री जेवणानंतर घ्यायला लागल्यावर सुसह्य झाली. पोटात वरच्या बाजूला जोरात दुखलं तर गोळी बंद करून लगेच फोन करा, असं बजावलं होतं, कारण काहींना स्वादुपिंडाला सूज येते. मला तसं झालं नाही. फायदा मात्र लवकर दिसत नाही. दोन-अडीच महिने काहीच फरक नव्हता आणि मी दोनदा सोडून द्यायच्या बेतात होते.

सगळ्यात कंटाळवाणं म्हणजे रक्त देणं. पहिला महिना दर आठवड्याला, मग महिन्याने, आता तीन महिन्यांनी. चौथ्या महिन्यात पांढऱ्या पेशी ३,२०० वर आल्या, डोस ७५ वर आणला, मग त्या ४,५०० वर स्थिरावल्या. मला कसलाही त्रास जाणवला नव्हता, रक्त दिलं नसतं तर कळलंच नसतं. केस गळले, पण विरळ दिसण्याइतके नाहीत. युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावं, दोन्ही एकत्र झाली तर पेशी धोकादायक उतरतात.

पावसाळ्याचं वेगळं लिहायला हवं. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत लेप्टोची, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती असते आणि माझी प्रतिकारशक्ती औषधाने मुद्दाम कमी केलेली. दोन वर्षं मी चिखलात उतरले नाही. जाऊबाईंवर सगळा भार पडला, याचं मला वाईट वाटतं. ताप आला की घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टर आणि रक्ततपासणी, हा नियम घरात सगळ्यांना पाठ आहे. उन्हात छत्री आणि पूर्ण बाह्या, कारण या गोळीने त्वचेच्या कॅन्सरचा धोकाही थोडा वाढतो. औषधाला महिन्याला हजाराच्या आत लागतात. तपासण्या आणि जाण्यायेण्याचा खर्च वेगळा.

एक गोष्ट मला फार आवडली म्हणून सांगते. हे औषध शोधणाऱ्यांपैकी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. संशोधनाची नोकरी मिळत नव्हती तेव्हा त्या शाळेत शिकवत होत्या.

निकाल असा: सहा महिन्यांनी कॅलप्रोटेक्टिन २४०, आता ९०. वर्षाने दुर्बीण घातली तेव्हा एक बारीक जखम सोडून बाकीच्या भरल्या होत्या. वजन ५१. अरुंद भाग मात्र तसाच आहे, वण झालेला भाग गोळीने मोकळा होत नाही. म्हणून फणसाचे गरे आणि काजूची बोंडं बंद. कुळथाची पिठी, पेज, बांगडा सगळं चालतं. आठ महिने आधी सुरू केलं असतं तर तो वण झाला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, सांगता येत नाही. त्यावर मला अजून रात्री कधी कधी जाग येते.

काढा मी सोडला, तेव्हा सासूबाईंना लागलं. दुर्बिणीचे आधीचे आणि नंतरचे फोटो त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि विचारलं, "ह्या लाल होता ता गेला?" गेलं, म्हटलं. बोलल्या काही नाहीत.

बाळाचा विचार पुढच्या दुर्बिणीनंतर, ती मार्गशीर्षात आहे. त्याआधी गणपतीची चवथ. त्या दिवसांत गावातून कणकवलीला जाणं होत नाही, म्हणून दोन महिन्यांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी दोन्ही श्रावणातच उरकून घेतेय.